काळात मागे जाऊन आलेल्या माणसाची बदललेली आठवण नुसत्या आवाजातून कशी ऐकवायची?

लकडीपूल (शनिवार, रात्री ११:४०)
मंडळी, अडलोय. आम्ही सहाजण मिळून एक विज्ञाननाट्य करतोय, फक्त ऐकायचं. पाच भाग, प्रत्येकी वीसेक मिनिटं. कोथरूडला एका मित्राच्या फ्लॅटमध्ये आतल्या खोलीच्या भिंतींना गाद्या आणि गोधड्या टांगून रेकॉर्डिंग चालतं. पंखा बंद, फ्रिज बंद, तरी शेजारच्या कुकरची शिट्टी येतेच. म्हणून रात्री अकरानंतर बसतो.

गोष्ट अशी: २०६१ सालातली तीन माणसं १२ जुलै १९६१ ला पुण्यात येतात. पानशेत धरण फुटलं तो दिवस. काम एवढंच की पुराआधीच्या पेठांचे आवाज टेप करून न्यायचे, कशाला हात लावायचा नाही. अर्थातच लावतात. त्यामुळे भूतकाळ जरासा हलतो आणि परत पोचेपर्यंत यांच्या आठवणीही त्याप्रमाणे आपोआप बदललेल्या असतात. त्यांना वाटतं काही झालंच नाही. आधीचं काय होतं ते फक्त टेपवर.

यातला एक प्रसंग माझ्या आजीचा आहे. ती तेव्हा चौदा वर्षांची, ओंकारेश्वराच्या मागे राहायची. पाणी वाढायला लागलं तेव्हा तिच्या वडिलांनी झाकणाला पोचा आलेली हिरवी ट्रंक डोक्यावर घेतली, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आजीच्या हातात दिला आणि सगळे पर्वतीच्या दिशेने निघाले. नाटकात आमचा एक प्रवासी ती ट्रंक उचलायला हात लावतो आणि तिथून बिघडतं.

प्रश्न हा, की पहिल्या भागात घडलेलं आणि चौथ्या भागात त्याला आठवणारं यात फरक पडलाय हे ऐकणाऱ्याला कसं कळावं? निवेदक नको आहे. निवेदक आला की सगळं समजावून सांगतो आणि मजा जाते.

अर्धा_कप (रात्री ११:४६)
रुमाल टाकून ठेवतो.
पण पुणेकराची आठवण आपोआप बदलते हे गृहीतकच पटलं नाही. आमच्या सोसायटीत पार्किंगवरून १९९४ साली कोण कोणाला काय म्हणालं ते तारीखवार पाठ आहे.

गवतीचहा (रात्री ११:५८)
सोप्पंय. आठवणीच्या प्रसंगाला थोडा प्रतिध्वनी लाव, मागे संतूर. कळतंच.

कर्वेनगरी (रविवार, सकाळी ७:१०)
संतूर नको बाई! संतूर वाजलं की मला वाटतं आता नायिकेचं लग्न आठवणार.

नभोवाणीकर (सकाळी ९:३२)
लकडीपूल, तुमचा विषय वाचून सत्तर-ऐंशीच्या दशकातले दिवस आठवले. मी आकाशवाणीवर नैमित्तिक कलाकार म्हणून बरीच वर्षं नभोनाट्यं केली. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं, म्हणजे तुमच्या प्रवाशांना १९६१ च्या पुण्यात आठ वर्षांचं रेडिओ केंद्र सापडेल. वापरा ते. पण रेडिओचं बटण फिरवलं आणि लगेच आवाज आला असं करू नका. व्हॉल्व्हचा सेट तापायला वेळ घ्यायचा. आधी खट्ट, मग काही नाही, मग बारीक गुणगुण, आणि मग पाणी यावं तसा आवाज वर यायचा. २०६१ च्या माणसाला वाटेल सेट बिघडलाय. एवढ्यावरसुद्धा एक छान प्रसंग होतो.

आता प्रतिध्वनी. आमच्या वेळीही भूतकाळ म्हटलं की प्रतिध्वनी असायचा, आणि आमचे एक निर्माते त्यावर चिडायचे. त्यांचं म्हणणं, माणसाला स्वतःची आठवण कधी प्रतिध्वनीत ऐकू येते का? ती त्याला आत्ताच्याइतकीच स्वच्छ ऐकू येते. तुमच्या गोष्टीत तर हाच मुद्दा आहे. प्रवाशाला खोटी आठवण खरी वाटते आहे. मग ऐकणाऱ्यालाही ती खरीच वाटायला हवी. दोन्ही वेळा आवाज तितकाच कोरडा आणि मायक्रोफोनपासूनचं अंतर तेवढंच ठेवा.

स्टुडिओत एक छोटा खराखुरा दरवाजा असायचा, चौकटीत बसवलेला, कडी-कोयंड्यासकट. पायाशी वाळूचा ट्रे. टांग्याला करवंट्या. संहितेचे कागद सुटे ठेवायचे आणि वाचून झालेलं पान न वाजवता खाली सोडायचं. ती सवय अजून गेलेली नाही, घरी वर्तमानपत्रसुद्धा मी आवाज न करता उलटतो. सौ. दचकते.

अर्धा_कप (सकाळी ९:४०)
काका, शेवटच्या वाक्यासाठी दंडवत.

लकडीपूल (सकाळी १०:०५)
काका, रेडिओ तापण्याचा प्रसंग घेतला म्हणून समजा. तुम्ही तालमीला आलात तर फार बरं होईल. आमचा टांगा सध्या यूट्यूबवरून उचललेला आहे आणि तो घोडा नक्की परदेशी आहे.
बाकी सुरुवात मस्त झालीय. डेक्कन क्वीनची वाफेची शिट्टी, स्टेशनवरचा गलका, आणि तिघे उतरतात.

आगगाडी_वेडा (सकाळी १०:०९)
थांबा. डेक्कन क्वीनची काय म्हणालात? वाफेची?
मुंबई-पुणे मार्गाचं विद्युतीकरण १९२९ मध्ये पूर्ण झालं आणि डेक्कन क्वीन सुरू झाली १ जून १९३० ला. ती पहिल्या दिवसापासून विजेवर आहे. १९६१ मध्ये तिला वाफेची शिट्टी दिलीत तर माझ्यासारखे दहा लोक तिथेच ऐकणं थांबवतील. वाफच हवी असेल तर तिघांना मिरजेकडून आणा. ती लाइन तेव्हा मीटरगेज होती आणि इंजिनं वाफेची.

कर्वेनगरी (सकाळी १०:१५)
काळप्रवासी यंत्रातून येतात ना? ते रेल्वेने का उतरतायत?

लकडीपूल (सकाळी १०:३०)
यंत्र थेट पेठेत उतरवलं तर लोक जमतील म्हणून. स्टेशनवर कोण कुठून आलं हे कोणी विचारत नाही. शिट्टी बदलतो. _/\_

अर्धा_कप (सकाळी १०:३४)
पेठेत उतरवलं तर लोक जमणार नाहीत. 'इथे लावू नका' एवढंच सांगतील. हलके घ्या.

जोशीबुवा_नव्हे (दुपारी १:२०)
या विषयावर बोलायचं आणि नारळीकरांचं नाव नाही, तेही पुण्यात? 'गंगाधरपंतांचे पानिपत' वाचलंय ना सगळ्यांनी? इतिहासाचे प्राध्यापक पुण्याहून मुंबईला जातात आणि पोचतात अशा जगात जिथे पानिपतावर मराठे जिंकलेले आहेत. विश्वासरावांना लागणारी गोळी चुकली, एवढ्यावर सगळा इतिहास वेगळा. परत आल्यावर पुरावा म्हणून खिशात बखरीचं एक फाटकं पान. हीच गोष्ट इंग्रजीत अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात आहे, माझ्या मुलीने ती तिथे वाचली.

तुझी गोष्ट याच्या नेमकी उलट आहे, लकडीपूल. गंगाधरपंतांचं जग बदलतं, पण आठवण शाबूत राहते. म्हणून ते चक्रावतात आणि त्यांच्याबरोबर आपणही. तुझ्या माणसाची आठवण जगाबरोबरच बदलते, म्हणजे तो चक्रावणारच नाही. मग चक्रावायचं कोणी? उरला तो फक्त ऐकणारा. तुझ्या नाटकात गंगाधरपंत म्हणजे श्रोता, आणि त्याच्या खिशातलं पान म्हणजे त्याने ऐकलेला पहिला भाग. त्याने ते पान हरवलं तर मात्र तुझं नाटक संपलं.

शिवाय पानिपत १७६१, पानशेत १९६१. बरोबर दोनशे वर्षं. हे नाटकात कोणीतरी म्हणायलाच पाहिजे.

गवतीचहा (दुपारी १:५१)
+१. संतूर मागे घेते.

कर्वेनगरी (दुपारी २:३०)
जोशीबुवांचा मुद्दा भारी, पण व्यवहार बघा. लोक हे ऐकणार कुठे? कर्वे रोडला सिग्नलला थांबून, नाहीतर भांडी घासताना. पहिल्या भागातली निळी ट्रंक चौथ्या भागात लाल झाली तर कोणाच्या लक्षात येणार आहे? आणि ज्याच्या येईल तो म्हणणार, लेखकाची चूक झाली.

चिंचगुळ (दुपारी ३:४५)
मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवत नाहीये.

'आठवण आपोआप बदलते' याला यंत्र लागतच नाही. १९७४ चा एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा प्रयोग बघा. लोकांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. नंतर काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना 'लागल्या' तेव्हा वेग किती होता, आणि काहींना विचारलं, 'आदळून चुराडा झाल्या' तेव्हा किती होता. दुसऱ्या गटाने वेग जास्त सांगितला. आठवड्याने विचारलं की फुटलेली काच दिसली का, तर त्या गटातल्या जास्त लोकांना ती दिसलेली होती. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. एका क्रियापदाने एवढं केलं.

टेपवरून दुसरं आठवलं. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर यान कोसळलं. उल्रिक नाइसर आणि निकोल हार्श यांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता. सुमारे अडीच वर्षांनी त्यांना पुन्हा तेच विचारलं. बऱ्याच जणांचं उत्तर साफ वेगळं होतं, आणि तेही छातीठोक. त्यांच्याच हातचा जुना कागद समोर ठेवला तरी जुनी आठवण परत आली नाही.

तेव्हा तुझा प्रवासी टेप ऐकेल तेव्हा त्याला 'अरे, असं होतं होय!' म्हणायला लावू नकोस. तो टेपवरच संशय घेईल. म्हणेल, कोणीतरी छेडछाड केलीय.

लकडीपूल (दुपारी ४:०२)
बाप रे. शेवटचा भाग पुन्हा लिहायला घेतो. मी नेमकं 'अरे, असं होतं होय' हेच लिहिलं होतं, शब्द जरा भारदस्त होते इतकंच.

दूरचा_तारा (दुपारी ४:४०)
श्रोत्यांना गंडवायचंच असेल तर १९३८ चं उदाहरण आहेच. अमेरिकेत ऑर्सन वेल्सने मंगळावरच्या हल्ल्याचं नाटक रेडिओवर बातम्यांसारखं केलं आणि लाखो लोक घरं सोडून रस्त्यावर पळाले.

जोशीबुवा_नव्हे (दुपारी ४:५८)
ही दंतकथा आहे हो. त्या रात्री पाच हजार घरांत फोन करून पाहणी झाली होती, त्यात हे नाटक ऐकणारे दोन टक्के निघाले. बाकीचा रेडिओसमोरचा बहुतेक देश दुसऱ्या स्टेशनवर विनोदी कार्यक्रम ऐकत होता. काही लोक घाबरले हे खरं, पण लाखोंची पळापळ दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी रंगवली. रेडिओ त्यांच्या जाहिराती पळवत होता, तो रागही होता.

चिंचगुळ (संध्याकाळी ५:१०)
आणि नंतर भेटलेल्या लोकांना मात्र ती पळापळ 'आठवत' होती. :-)

सांजवात (संध्याकाळी ७:२५)
मी इथे फक्त वाचायला येते, पण पानशेत म्हटल्यावर लिहिते.

मी तेव्हा सहा वर्षांची. धरण मातीचं, काम पुरतं झालेलं नाही आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यात पाणी अडवलेलं. आदल्या रात्री जवान वाळूची पोती रचत होते. सकाळी पानशेत गेलं, मग खालचं खडकवासलाही गेलं. हे सगळं नंतर मोठ्यांच्या तोंडून कळलेलं. माझं स्वतःचं म्हणाल तर एकच: आमच्या गल्लीतल्या वाण्याच्या दुकानातलं भिजलेलं धान्य रस्त्यावर ओतून ठेवलेलं, आणि त्याचा आंबूस, गरम वास. अजून कुठे तांदूळ भिजून विटले की मी तिथे उभी असते. घरात नळाला पाणी नव्हतं कितीतरी दिवस. नदीला एवढा पूर येऊन गेला आणि प्यायला थेंब नाही, कारण पाणी देणारं धरणच रिकामं.

आता गंमत ऐका. माझा मोठा भाऊ शपथेवर सांगतो, की पूर आला तेव्हा मी पुण्यात नव्हतेच. साताऱ्याला मावशीकडे होते आणि दिवाळीनंतर आले. आई-बाबा गेले, आता विचारायचं कोणाला? त्याचं खरं असेल तर तो वास मला कुठून आला?

चिंचगुळ (रात्री ८:०१)
ताई, दोन्ही शक्य आहे. १९९५ चा लॉफ्टस यांचा दुसरा प्रयोग आहे. चोवीस जणांना, लहानपणी तू बाजारसंकुलात हरवली होतीस, अशी एक बनावट गोष्ट घरच्यांच्या तोंडची म्हणून सांगितली. साधारण पाव लोकांना ती 'आठवली', काहींना तर बारकाव्यांसकट. पण भावाचीही आठवण तितकीच बदललेली असू शकते, हे त्याला जरूर सांगा.

सांजवात (रात्री ८:२०)
सांगितलं तर पुढची भाऊबीज संपेल.

अर्धा_कप (रात्री ८:२२)
लकडीपूल, हेच नाटक कर. यंत्र, २०६१ सगळं राहू दे. बहीण, भाऊ आणि आंबलेलं धान्य.

गवतीचहा (रात्री ९:१५)
पण मूळ प्रश्न राहिला. कर्वेनगरीचं म्हणणं बरोबर आहे, माहिती बदलली तर लक्षात राहत नाही. पण कानात पक्कं बसलेलं काही बदललं तर? पहिल्या भागात दिवेलागणीला कोणीतरी 'शुभं करोति कल्याणम्, आरोग्यं धनसंपदा' म्हणतं. चौथ्या भागात तीच बाई, तोच आवाज, तीच चाल, आणि 'आरोग्यं सुखसंपदा'. भांडी घासणाऱ्याचा हात थांबलाच पाहिजे.

कर्वेनगरी (रात्री ९:१९)
का थांबेल? 'सुखसंपदा'च तर आहे.

गवतीचहा (रात्री ९:२०)
काय? नाही हं. 'धनसंपदा'.

जोशीबुवा_नव्हे (रात्री ९:२४)
'धनसंपदा'. त्यात वाद काय?

आगगाडी_वेडा (रात्री ९:३०)
आमच्याकडे 'सुखसंपदा'. आत्ता आईला विचारून खात्री केली. ती म्हणते 'धनसंपदा' म्हणणारे हावरट.

नभोवाणीकर (रात्री ९:४८)
दोन्ही पाठ प्रचलित आहेत. भांडू नका.

अर्धा_कप (रात्री ९:५०)
म्हणजे अर्ध्या श्रोत्यांचा हात पहिल्या भागातच थांबणार. काळप्रवास सुरू व्हायच्या आधी.

लकडीपूल (रात्री १०:१५)
अहो, पण हे वाईट नाहीये! एकाच घरात ऐकताना नवरा म्हणेल बदललं, बायको म्हणेल आत्ता कुठे बरोबर झालं. हे ठेवतोच. निळ्या ट्रंकेचा प्रसंग मात्र अजून अडतोय. तिथे आवाज काय वापरू? ट्रंकेची कडी?

नभोवाणीकर (रात्री १०:४०)
कडी उत्तम. पहिल्या वेळी कडी दोनदा वाजू द्या, गंजलेली असल्यासारखी. एकदा अडकते, मग लागते. नंतर प्रवासी ती आठवण सांगतो तेव्हा एकाच खटक्यात लागू द्या. त्यावर कोणीही काही बोलू नये. कानाला दोन आणि एक यातला फरक कळतो, डोक्याला कळला नाही तरी.

शांतताप्रिय (सोमवार, सकाळी ६:५०)
पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या. काल रात्री सगळा धागा एका बैठकीत वाचला.
ट्रंक निळी कधी झाली? पहिल्या पोस्टमध्ये हिरवी आहे.

अर्धा_कप (सकाळी ७:१५)
हिरवी कुठे, निळीच... थांबा, वर जाऊन आलो. हिरवी आहे!!

कर्वेनगरी (सकाळी ७:३०)
मीच 'निळी' लिहिलं का पहिल्यांदा? देवाशपथ मी निळीच वाचली होती. लकडीपूल, तू पोस्ट संपादित केलीस.

लकडीपूल (सकाळी ८:०५)
नाही केली. संपादन केलं की खाली वेळ येते, बघ, तिथे काही नाही. आणि खरं सांगू? काल रात्री मी स्वतः 'निळ्या ट्रंकेचा' लिहिलं तेव्हा मला ती निळीच दिसत होती. माझ्याच आजीची ट्रंक.

चिंचगुळ (सकाळी ८:२०)
पुढच्या महिन्यात हा धागा वर्गात वापरू का?

जोशीबुवा_नव्हे (सकाळी ८:४४)
कालचं मागे घेतो. श्रोत्याच्या खिशात पान राहत नाही. आपण आठ-दहाजण, समोर लिहिलेलं असताना, एका दिवसात हरवून बसलो. तेव्हा फरक कळावा म्हणून धडपडूच नकोस. पहिल्या भागात हिरवी, दुसऱ्यात कोणीतरी बोलण्याच्या ओघात निळी म्हणू दे, तिसऱ्यात सगळे निळी म्हणू देत. पाचव्यात टेप लाव, त्यावर आजीच्या वडिलांचा आवाज: 'ती हिरवी धर रे'. श्रोता पहिला भाग पुन्हा लावून बघेल.

नभोवाणीकर (सकाळी ९:१०)
छान. आणि कडीही राहू द्या.

गवतीचहा (सकाळी ९:३५)
पण खरी कुठली होती? आजीला विचार ना.

लकडीपूल (रात्री ९:५०)
विचारलं. जेवण झाल्यावर, सुपारी कातरत बसली होती. म्हटलं, पानशेतच्या वेळची ती ट्रंक कुठल्या रंगाची गं?
अडकित्ता थांबला. म्हणाली, "ट्रंक? ट्रंक कुठली, वळकटी होती. ट्रंक तुझ्या आजोबांच्या घरची, ती लग्नानंतर आली."
म्हटलं, आजी, लहानपणापासून तूच ट्रंक सांगत आलीस.
"मी? मी कशाला सांगेन?" आणि पुन्हा कातरायला लागली.

अर्धा_कप (रात्री ९:५२)
वळकटीला कडी नसते, काका.

नभोवाणीकर (रात्री १०:२०)
नसते. पण सुंभ असतं. नवीन सुंभ ओढताना करकरतं, जुनं गप्प बसतं. रविवारी तालीम किती वाजता आहे?